चौदा आणे

मुतखडा बघायला गेले होते.
कुडाळच्या मशीनमध्ये आडवी झाले,
श्वास धरा म्हणाले, धरला.
खडा सापडला नाही.
मूत्रपिंडावर टोपीसारखी एक ग्रंथी असते,
हे सत्तावन्न वर्षं मला कुणी सांगितलं नव्हतं;
तिच्यात गाठ. ओल्या सुपारीएवढी.

पोटात गोळा आला, असं आपण उगीच म्हणतो.
माझ्या पोटात तो कागदावर आला,
मापासकट, सहीशिक्क्यासकट.

मुंबईहून दिरांचा फोन:
सगळं अंग तपासून घ्या, शाई भरून, सुई घालून,
खर्चाचं नंतर बघू.
नंतर म्हणजे कधी,
ते पेट्या भरणाऱ्या बाईला विचारा.

देवगडला डॉक्टर नाझनीन सारंग.
फिल्म तिने खिडकीच्या काचेला धरली,
माझ्या बरगड्यांमागून एक ट्रॉलर बंदरात शिरला.
म्हणाली, यात पाणी म्हणजे शून्य.
गाठीत चरबी जास्त, तर आकडा कमी, तर काळजी कमी.
दहाच्या आत असता
तर आत्ताच फिल्म गुंडाळून दिली असती.
तुमचा चौदा.

मी हसले. तिला कळेना.

पडेलच्या शेडमध्ये वीस वर्षं
मी आंबा पाण्यात सोडून बघते.
कोवळा तरंगतो, भरलेला तळ गाठतो,
आणि एखादा मधेच लोंबकळतो,
बोटाने ढकलला तर जातो, सोडला तर वर येतो.
चौदा आणे झाला की झेल्याने उतरवायचा.
कैरी नाही, पिकला नाही,
प्रवासाला निघायच्या वयाचा.

'म्हणजे उतरवायची?' मी विचारलं.
'नाही हो द्वारकाताई. चौदा म्हणजे
अजून दोन प्रश्न विचारायचे.'

पहिला प्रश्न एका गोळीचा.
रात्री अकराला घ्यायची, सकाळी आठला रक्त.
गोळी ग्रंथीला सांगते: पुरे आता, झोप.
शहाणी असेल तर झोपते.
मी मात्र रात्रभर जागी,
तिला झोप लागली का, याचा कानोसा घेत.

दुसरा प्रश्न पाच लिटरचा कॅन.
सकाळची पहिली लघवी सोडून द्यायची,
मग दिवसाची, रात्रीची, दुसऱ्या सकाळची पहिलीसुद्धा,
थेंब न सांडता.
शितावरून भाताची परीक्षा होते म्हणतात.
इथे सगळी पेजच मागत होते.
त्या दिवशी शेडवर गेले नाही.
कॅन न्हाणीत, ओल्या गोणपाटात,
आणि नवरा दारात: 'माझो डिझेलचो कॅन खंय गेलो?'
नवाच आणलाय, सांगितलं, तरी संशय गेला नाही.

एसटीत मांडीवर घेऊन बसले,
नातू घ्यावा तसा.
कंडक्टर म्हणाला, 'काय आसा त्यात?'
कोकमाचं आगळ, मी म्हटलं.
'आमकां पण एक बाटली!'
जामसंड्यापर्यंत मी तोंडाला पदर लावून होते.

लॅबमधल्या धुरीने माप घेतलं,
चमचाभर ठेवलं, बाकीचं ओतून दिलं.
तो चमचा बर्फाच्या डब्यातून पुण्याला गेला.
मी कधी गेले नाही पुण्याला.

नऊ दिवस.
नवव्या दिवशी माझा हात हौदात, फोन धुरीचा.
ग्रंथी झोपली होती.
लघवीत वाईट काही उतरलं नव्हतं.
वर्षाने एकदा परत चित्र काढू,
डॉक्टर म्हणाली, वाढली नाही ना एवढं बघायला.
ना शाई, ना सुई.

दिरांना पटलं नाही. एवढ्यात कसं कळेल म्हणाले.
मी म्हटलं, भावजी,
तुम्ही दरवर्षी पेटी नेता,
एक तरी आंबा कापून बघितला होता का मी?

गाठ आहे तिथेच आहे.
कधीकधी डाव्या कुशीवर वळताना मी जरा हळू वळते,
तसं करायची गरज नाही,
डॉक्टरने दोनदा सांगितलंय.
कॅन राखेने घासला, उन्हात ठेवला, तीन दिवस.
न्हाणीच्या कोपऱ्यात पडलाय.
नवरा अजून त्यात डिझेल भरायला तयार नाही.